पडवीखालचे गर्डर: गंज खरवडण्यापासून रंगाच्या शेवटच्या हातापर्यंत

कोकणात घराला रंग काढायचा तो गणपतीच्या आधी. पावसाची जरा उघडीप मिळाली की रंगारी येतो, भिंती होतात, आणि जाता जाता विचारतो, "काका, रेड ऑक्साइड उरलाय डब्यात. खालच्या गर्डरना एक हात मारून देऊ?" आपण हो म्हणतो. आमच्याकडे हे सलग सहा वर्षं चाललं. सातव्या वर्षी मे महिन्यात फणस ठेवायला पडवीखाली उतरलो, गर्डरला सहज टेकलो आणि खांद्यावर वहीच्या पुठ्ठ्याएवढी जाड खपली पडली. उलटून पाहिली. एका बाजूला सहा वर्षांचा लाल रंग, दुसऱ्या बाजूला काळा गंज. रंग लोखंडाला लागलाच नव्हता, गंजाला लागला होता.

आमचं घर उतारावर आहे. पुढचं अंगण रस्त्याच्या पातळीला, मागची पडवी आणि न्हाणीघर लोखंडी खांबांवर. खाली वाकून उभं राहता येईल एवढी जागा. चार आडवे गर्डर, सहा खांब, समुद्र सरळ रेषेत दीड किलोमीटर. पुढचं सगळं अशाच घराला धरून लिहिलं आहे. घाटावर खारं वारं नाही, त्यामुळे तिथे घाई थोडी कमी. बाकी काम तेच.

आधी नुसतं बघायचं

पहिल्या दिवशी हातात ब्रश घ्यायचा नाही. बॅटरी, हातोडी, जुना स्क्रू-ड्रायव्हर, वायर ब्रश, खडू आणि जमलं तर व्हर्नियर कॅलिपर, एवढंच घेऊन उतरायचं. पायात बूट आणि हातात काठी हवीच. फुरसं आणि विंचू यांना अशी कोरडी, अंधारी जागा आपल्यापेक्षा जास्त आवडते. रचलेल्या चिऱ्यांमागे आणि नारळाच्या सोडणांत काठी फिरवल्याशिवाय हात घालू नका.

सगळीकडे सारखं बघत बसू नका. गंज ठरलेल्या जागी बसतो. खांबाचा पाया, म्हणजे बेस प्लेट (खांबाखालची लोखंडी पाटी) आणि तिच्या वरची वीतभर उंची. गर्डरच्या खालच्या पट्टीची वरची बाजू, कारण तिथे धूळ, माती आणि पाल-उंदरांची घाण साचते आणि ओली राहते. दोन चॅनेल (इंग्रजी 'सी'च्या आकाराचे गर्डर) पाठीला पाठ लावून जोडले असतील तर त्यांच्यामधली फट. तुटक वेल्डिंगच्या दोन टाक्यांमधली जागा. गर्डर भिंतीत शिरतो तिथलं तोंड. न्हाणीघराच्या आणि संडासाच्या पाइपांखालचा भाग.

प्रत्येक ठिकाणी हातोडीने हलकेच ठोका. चांगलं लोखंड टणटणतं, खपली धरलेलं बद्द वाजतं. मग खडूने आकडा टाका. वरवरचा तांबूस गंज, बोटाला पूड लागते पण खाली लोखंड सपाट आहे, त्याला १. पापुद्रे सुटतात, त्याला २. खड्डे पडलेत, स्क्रू-ड्रायव्हर रुततो, कडा सुरीसारखी पातळ झाली आहे किंवा भोक आहे, त्याला ३. आमच्याकडे चार गर्डरांवर मिळून १ चे आकडे कितीतरी, २ चे अकरा आणि ३ चा एकच. तो न्हाणीघराखालच्या खांबाच्या पायाशी होता.

चौकोनी पोकळ पाइपचे खांब असतील तर जास्त सावध राहा. ते आतून गंजतात आणि बाहेरून रंग तुकतुकीत दिसतो. वरचं तोंड उघडं राहिलं असेल तर आत पावसाळाभर पाणी उभं राहतं. खालपासून वर ठोकत जा, आवाज बदलला की तिथवर पाणी किंवा गाळ आहे असं समजा.

३ चा आकडा पडला तर

इथे थांबायचं आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायचं. हिशेब साधा आहे. २०० मि.मी. उंचीच्या नेहमीच्या आय गर्डरचा (इंग्रजी 'आय'च्या आकाराचा) मधला उभा पत्रा गर्डरच्या मापांच्या जुन्या कोष्टकात ५.७ मि.मी. जाड. त्यातला एक मि.मी. गेला तर सहावा हिस्सा गेला. पोकळ पाइपची भिंत ३ मि.मी. असेल तर तोच एक मि.मी. म्हणजे तिसरा हिस्सा. बाहेरून दोन्हीकडे गंज सारखाच दिसतो. कडेची जाडी व्हर्नियरने मोजता येते, मधल्या पत्र्याची येत नाही. त्यासाठी एका बाजूने लावायचं अल्ट्रासॉनिक यंत्र असतं. मापं घेण्याआधी तेवढी जागा चकचकीत घासावी लागते, नाहीतर यंत्र गंजाचीच जाडी धरतं.

माझा स्वतःचा नियम असा: मूळ जाडीच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त लोखंड गेलेलं दिसलं, वेल्डला चीर दिसली, बोल्टचं डोकं विरघळल्यासारखं झालं किंवा ओळंबा सोडल्यावर खांब कललेला निघाला, की आपलं काम संपलं आणि इंजिनिअरचं सुरू झालं. वेल्डर लगेच म्हणतो, "पट्टी मारून देतो, पाच मिनिटांचं काम." वजन अंगावर असलेल्या खांबाला, तेही पातळ झालेल्या जागी, टेकू न देता वेल्डिंग करू देऊ नका. तापलेलं लोखंड मऊ पडतं. आमच्या खांबाला दोन्ही बाजूंनी जॅकचे टेकू दिले, खालचा दीड फुटाचा तुकडा कापला, नवीन बसवला. त्यात अख्खा दिवस गेला, त्यातला निम्मा टेकू बसवण्यात.

पाणी येतं कुठून

गंजाला लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू लागतो. पहिलं आणि तिसरं आपल्या हातात नाही, म्हणून भांडण पाण्याशीच. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर धरायला लागतो. त्यात मीठ असेल तर तो याहून कोरड्या हवेतही धरतो, कारण मीठ हवेतलं पाणी ओढतं. बरणीतलं मीठ पावसाळ्यात कसं पाणी सोडतं ते आठवा, तेच गर्डरवर चालू असतं. कोकणात पावसाळ्यातच काय, इतर महिन्यांतही रात्रीची हवा याहून ओली असते. म्हणून निदान वरून येणारं पाणी तरी तोडायचं.

मी एका रात्री, धो धो पावसात, बॅटरी घेऊन खाली बसलो. तासाभरात जे कळलं ते सहा वर्षांत कळलं नव्हतं. पागोळ्या जोत्याच्या बाहेर पडत होत्या खऱ्या, पण जमिनीवर आपटून उडणारे शिंतोडे थेट कडेच्या खांबांच्या पायावर. न्हाणीघराच्या जाळीच्या कडेने, पाइप फरशीतून खाली येतो तिथून, थेंब थेंब गळत होतं. पाऊस थांबल्यावरही ते थांबलं नाही, म्हणजे ते आंघोळीचं पाणी. आणि वरच्या अंगणातलं पाणी जांभ्याच्या भिंतीतून पाझरून खाली तळं करत होतं.

त्यामुळे रंगाच्या आधीची कामं ही: पागोळीखाली पन्हाळ किंवा निदान खडीचा पट्टा, न्हाणीघराच्या पाइपाभोवतीची फट फोडून पुन्हा वॉटरप्रूफिंग, वरच्या बाजूला आडवी गटारी. वॉशिंग मशीनचा आणि एसीचा पाइप कुठे सुटतो तेही बघा. दोन्ही हमखास पडवीखाली सोडलेले असतात.

दुसरं, वारा. थंडीत गार वारा वर येतो म्हणून लोक पडवीखालची जागा चिऱ्यांनी बंद करतात. मग आतली ओल आतच. समोरासमोर दोन बाजूंना तरी जाळ्या सोडा.

तिसरं, तिथे काय ठेवता. आमच्या खाली आंब्याच्या कलमांसाठी आणलेल्या पोटॅशच्या गोणी आणि फरशी धुवायच्या ॲसिडची बाटली होती. लाल पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच भाऊ. ॲसिडची बाटली झाकण लावूनही वाफ सोडते, आणि ती वाफ लोखंड खाते. बाटली ठेवली होती त्या कोपऱ्यातला विळा, कोयती, बिजागरी, सगळं वर्षभरात तपकिरी झालं होतं. सुकी मासळी, जाळी आणि मिठाचं पोतं यांनाही दुसरी जागा बघा.

खरवडणं

रंग किती वर्षं टिकणार हे डब्यावर ठरत नाही, इथे ठरतं. आणि नेमकं हेच काम रंगारी टाळतो, कारण त्याला चौरस फुटामागे पैसे मिळतात आणि खरवडलेलं कोणाला दिसत नाही. मी शेवटी रंगाऱ्याला खरवडण्याचे रोजावर वेगळे पैसे दिले, तेव्हा काम झालं.

वेळ दिवाळीनंतरची. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगला. श्रावणात अजिबात नाही.

पहिल्यांदा धुवायचं, खरवडायचं नंतर. खारं वारं खाल्लेल्या लोखंडावर मीठ असतं, ते तसंच घासलं तर खड्ड्यांत आणखी ठासून बसतं. गोड्या पाण्याने, मऊ ब्रशने, वरून खाली. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते नको. तेलकट डाग असतील तर साबणाचं पाणी आणि मग पुन्हा साधं पाणी. एक दिवस वाळू द्या.

मग मोठ्या खपल्या चिपिंग हातोडीने आणि पटाशीने पाडा. त्यानंतर पत्र्याची पट्टी, मग वायर ब्रश, आणि शेवटी ग्राइंडरला तारेचा कप लावून. कोपऱ्यांत ग्राइंडर जात नाही, तिथे हातानेच, पॉलिश पेपर दुमडून. ग्राइंडरवर फार जोर देऊ नका. गंज निघायच्या ऐवजी दाबून चकाकतो आणि लोखंड स्वच्छ झाल्यासारखं वाटतं. बोट फिरवून पाहा, खरं लोखंड करकरीत लागतं. रंगाच्या तांत्रिक पत्रकावर 'एसटी २', 'एसटी ३' लिहिलेलं असतं. तो हाताने किंवा यंत्राने घासण्याचा दर्जा, ३ म्हणजे जास्त कसून. 'एसए अडीच' लिहिलं असेल तर ते कारखान्यातलं ब्लास्टिंग, म्हणजे जोराच्या हवेने खरखरीत कणांचा मारा करून लोखंड साफ करणं. पडवीखाली ते होत नाही, तेव्हा असा रंग घेऊच नका. हाताने घासलेल्या पृष्ठभागावर चालणारा एपॉक्सी मॅस्टिक (रंग आणि हार्डनर असे दोन भाग मिसळून मारायचा जाड रंग) मिळतो, तो मागा.

चष्मा, नाकाला चांगला मास्क, हातमोजे. तारेच्या कपातून तार सुटून डोळ्यात जाते. आणि जुन्या घरात, जुन्या लोखंडावर, सगळ्यात खालचा थर भडक केशरी निघाला तर ग्राइंडर लगेच बंद करा. पूर्वी लोखंडाला शिशाचा लाल प्रायमर देत, म्हणजे मारुतीला लावतो तो शेंदूरच. त्याची धूळ नाकातोंडात गेलेली चालत नाही, लहान मुलांच्या तर मुळीच नाही. तो भाग पाणी मारत हाताने खरवडा, खाली प्लास्टिक पसरा आणि निघालेलं सगळं गोळा करा. अंगणात झाडून टाकू नका.

गंज बदलणारं द्रव

खड्ड्यांच्या तळाशी काळसर गंज राहतोच, तो खिळ्याने उकरून संपत नाही. तिथे रस्ट कन्व्हर्टर. हा दोन जातींचा असतो. एकात फॉस्फोरिक ॲसिड, ते गंजाचं फॉस्फेट करतं. दुसऱ्यात टॅनिक ॲसिड, त्याने तांबडा गंज निळसर काळा होतो. ही दुसरी गंमत आपल्याकडे नवीन नाही. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई करायचे, त्यात हेच घडतं: हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोह. पण घरी हिरड्याचा काढा करून गर्डरला लावायला जाऊ नका. विकतच्या द्रवात बहुधा वरून थर धरणारं रेझीन असतं, काढ्यात ते नसतं.

हे लावायचं फक्त खड्ड्यांत आणि फटींत, सगळीकडे फासायचं नाही. सुट्या खपल्यांवर तर नाहीच, त्या आतून सुटणारच. फॉस्फोरिक जातीचं असेल तर डब्यावर लिहिल्याप्रमाणे वाळल्यावर पाण्याने पुसून घ्यावं लागतं. राहिलेलं ॲसिड वरचा एपॉक्सी उचलतं. आणि वरून कोणता रंग चालतो तेही डब्यावर बघा. माझं मत विचाराल तर खरवडायला एक दिवस जास्त द्या, द्रव निम्मं लागेल.

रंग: कोणता, किती, कधी

नुसता रेड ऑक्साइड हा प्रायमर आहे, छत्री नव्हे. त्याच्या वर काही न लावता सोडला तर तो पाणी आत घेतो. समुद्राजवळ, घराखाली, जिथे पुन्हा पुन्हा उतरणं होत नाही तिथे दोन भागांचा एपॉक्सी घ्या. आमचा क्रम असा होता: झिंक फॉस्फेट एपॉक्सी प्रायमर एक हात, त्यावर जाड एपॉक्सीचे दोन हात. वाळल्यावर सगळं मिळून २५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे पाव मि.मी. एपॉक्सीला ऊन सोसत नाही, तो खडूसारखा पांढरट होत जातो. पण पडवीखाली ऊन येतंच कुठे? म्हणून महाग पॉलियुरेथेनचा वरचा हात आम्ही फक्त बाहेरच्या, पश्चिमेकडच्या गर्डरला दिला. दुकानदार सगळीकडे द्यायला सांगत होता.

किती लागेल ते आधी मांडा. २०० च्या आय गर्डरला घेर साधारण पाऊण मीटरचा, वरची पट्टी लादीखाली झाकलेली सोडली तर मीटर लांबीला ०.७ चौरस मीटर धरा. चार मीटरचे चार गर्डर म्हणजे ११ चौरस मीटर. खांब धरून आमचं २० झालं. रंगात ६० टक्के घन भाग असेल आणि वाळून ७५ मायक्रॉन हवे असतील, तर ओला थर १२५ मायक्रॉन लागतो, म्हणजे एका लिटरात ८ चौरस मीटर. २० ला एका हाताला अडीच लिटर. ब्रशने, डोक्यावर हात करून मारताना बराच रंग सांडतो, कोपरात जातो, डब्याला चिकटतो. हातामागे साडेतीन लिटर घ्या.

दोन भाग अंदाजाने मिसळू नका. हार्डनर जास्त टाकला की लवकर वाळेल हा गैरसमज आहे. प्रमाण डब्यावर असतं, तेवढंच. दोन तासांत संपेल एवढंच कालवा. डबा हाताला गरम लागायला लागला की तो रंग गेला, थिनर ओतून वाचत नाही. घराखाली कोंडलेल्या जागेत थिनरची वाफ बसते, म्हणून पंखा लावा. त्या दिवशी ग्राइंडर नाही, बिडी नाही.

हिवाळ्यात सकाळी लोखंडावर दव असतं. दिसत नाही, पण असतं. हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल किंवा लोखंड दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव होऊन बसतं, त्यापेक्षा) निदान ३ अंश गरम नसेल तर रंग मारायचा नाही, हा जगभरचा नियम. मोजायचं साधन नसेल तर ओलसर फडक्याने गर्डरवर एक रेघ ओढा. पंधरा मिनिटांत पूर्ण उडाली तर सुरू करा, नाहीतर चहा घ्या. आम्ही सकाळी दहाला सुरू करून दुपारी तीनला ब्रश धुवायचो. खरवडलेला भाग त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे. खाऱ्या हवेत एका रात्रीत त्यावर तांबूस झाक येते. म्हणून एकदम सगळं खरवडून ठेवू नका, एक गर्डर घ्या आणि तो संपवा.

आणि कडा. द्रव रंग धारेवरून ओघळून पातळ होतो, म्हणून गंज नेहमी कडेवर, बोल्टवर आणि वेल्डवर आधी फुटतो. प्रत्येक हाताच्या आधी बारीक ब्रशने फक्त कडा, बोल्ट आणि वेल्ड यांना एक जादा हात द्या. दोन हातांचे रंग वेगळे ठेवा, एक करडा, एक लाल. कुठे सुटलं ते लगेच दिसतं. फटी राहिल्या असतील त्या प्रायमर वाळल्यावर पॉलियुरेथेन सीलंटने भरा.

खांबाचा पाया

इथे गवंडी एक ठरलेला उपाय सांगतो: गंजलेल्या पायाला सिमेंटचा बूट घालू. गंज तसाच, वरून बूट. सिमेंट सुकताना आकसतं, खांब आणि बूट यांच्यामध्ये केसाएवढी फट पडते, पाणी तिथून उतरतं आणि वर यायला वाट नसते. बुटाच्या आत खांब किती उरला ते फोडल्याशिवाय कळत नाही. चांगलं काँक्रीट लोखंडाला सांभाळतं हे खरं, कारण ते तीव्र अल्कधर्मी असतं. पण त्यात न धुतलेली खाडीची वाळू पडली तर क्लोराइड ते संरक्षण फोडतं.

बूट हवाच असेल तर आधी लोखंड खरवडून, एपॉक्सी देऊन, मग करा. माथा बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा आणि सांधा सीलंटने बंद करा. खरं तर पाया मातीच्या वर हवा. पेडेस्टल (खांबाखालचा काँक्रीटचा ठोकळा) जमिनीपासून निदान १५० मि.मी. वर, बेस प्लेटखालच्या फटीत न आकसणारा ग्राउट (भरायचा मसाला), पाणी साचेल अशी वाटी कुठेही नाही. माती चढली असेल तर खणून खाली करा. माती आणि हवा भेटतात ती रेघ लोखंडाला सगळ्यात वाईट. पोकळ खांबाच्या तळाशी, इंजिनिअरला विचारून, ८ मि.मी. चं एक भोक पाडा म्हणजे आतलं पाणी निघेल, आणि वरचं तोंड पत्रा वेल्ड करून बंद करा. आमच्या एका खांबातून भोक पाडल्यावर तांबडं पाणी आलं, अर्धी बादली.

नवीन लोखंड घालणार असाल तर

नवीन तुकडा गरम बुडवणीच्या गॅल्व्हनायझिंगचा, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला घ्या. ५ मि.मी. आणि त्याहून जाड लोखंडावर साधारण ८५ मायक्रॉन जस्त बसतं, आतून-बाहेरून. चंदेरी रंग मारून "गॅल्व्हनाइज केलंय" म्हणणारे भेटतात, नखाने खरवडून पाहा. सगळी भोकं आणि वेल्डिंग बुडवण्याच्या आधी उरकून घ्या. नंतर वेल्ड केलं तर तिथलं जस्त जळतं, ती जागा घासून झिंक-रिच (भरपूर जस्त असलेल्या) रंगाचे दोन हात द्यावे लागतात. जळत्या जस्ताचा पांढरा धूर वेल्डरने नाकात घ्यायचा नाही, रात्री थंडी वाजून ताप भरतो. आणि नव्या जस्तावर साधा ऑइल पेंट थेट देऊ नका, वर्षा-दोन वर्षांत चादरीसारखा सुटतो.

आता मी वर्षातून दोनदा खाली उतरतो, एकदा मृगाच्या आधी आणि एकदा दिवाळीनंतर. गर्डरच्या खालच्या पट्टीवरची माती झाडतो, समुद्राकडची बाजू गोड्या पाण्याने धुतो, जुन्या आकड्यांच्या जागी हातोडी वाजवतो. रंग फुगला असेल तिथे रुपयाएवढाच भाग खरवडून प्रायमर लावतो. यंदा अशा चार जागा निघाल्या, चारही बोल्टपाशी. रंगारी गणपतीच्या आधी आला होता, त्याच्या डब्यात याही वर्षी रेड ऑक्साइड उरला होता. फाटकाला मारून घेतला.